बोक्याचा दात आणि मागाची खडखड

दात बोक्याचा दुखत होता आणि इंजेक्शन मी घेऊन आले. यात डॉक्टरांची चूक नव्हती, बोक्याची तर मुळीच नव्हती. चूक माझी होती, आणि ती मी चांगला विचार करून, स्वतःवर खूश होऊन केली होती. म्हणून तीच आधी सांगते.

आमच्या वडगावात आठवड्यातून एक दिवस मागांना सुट्टी असते. एरवी सकाळी गल्ली जी खडखडायला लागते ती दिवेलागणीपर्यंत. घराघरात साड्या विणणारे विजेवरचे माग, आणि आमच्याही घरामागच्या शेडात तेच. सुट्टीच्या दिवशी मात्र गल्लीत कावळा ओरडला तरी दचकायला होतं. बोक्याला डॉक्टरकडं न्यायला मी नेमका तो दिवस निवडला. माझा हिशोब सरळ होता. बोका भित्रा, भित्र्याला शांतता लागते, आज सगळीकडं शांतता आहे, म्हणजे आज बोका गपगुमान येईल.

सून म्हणाली, "आत्ती, मांजराची पेटी मिळते दुकानात. संध्याकाळी घेऊन येते, उद्या जाऊया."

"पेटी कशाला? तुझा जन्म व्हायच्या आधीपास्नं मांजरं सांभाळूलोय मी," असं म्हणून मी उशीची खोळ काढली. बोका जिन्याखाली आधीच डोळे वटारून बसला होता. त्याला खोळीत घातला, तोंडाला गाठ मारली, पोटाशी धरला आणि सुनेच्या स्कूटरवर मागं बसले. कोपऱ्यावरची आक्का भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "सकाळी सकाळी कुठं गं?"

"हिंडलग्याला."

आमच्याकडं हिंडलग्याला म्हटलं की लोकांना आधी तिथला तुरुंग आठवतो, नंतर गाव. आक्कानं खोळीकडं पाहिलं. "काय केलं त्यानं?"

"तिघांना चावलाय."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली.

खरं तर दवाखाना हिंडलग्याच्या अलीकडंच होता. पण तिथंवर पोचेपर्यंत खोळीतून आधी एक नख बाहेर आलं, मग पंजा आला, मग माझ्या पदराचा एक लांब धागा निघून वाऱ्यावर उडायला लागला. दवाखान्यात बाकावर दोन कुत्री बसली होती. त्यांनी एकदाच भुंकून घेतलं आणि खोळीची उरलीसुरली शिवण गेली. बोका तिथून जो उडाला तो डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, टेबलावरून औषधांच्या कपाटावर. तिथं अंग फुगवून, तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखा धापा टाकत बसला.

डॉक्टरीणबाई तरुण. बोलणं मराठी, पण घरची भाषा कन्नड, ते प्रत्येक वाक्याला कळायचं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अज्जी, कोणी हात लावू नका री. थांबूया जरा."

मी म्हटलं, "कुणाचं नाही, पण माझं ऐकतो तो." आणि स्टुलावर चढून हात वर केला.

माझं ऐकणाऱ्या बोक्यानं माझ्या अंगठ्याच्या बुडाशी असा दात रोवला की मला माझी आई आठवली. तोच दुखरा दात असावा, कारण माझ्याइतकाच तोही कळवळून ओरडला. पुढं डॉक्टरीणबाईंनी दिवे मालवले, सगळ्यांना बाहेर घालवलं, आणि बऱ्याच वेळानं जाड टॉवेल टाकून त्याला खाली घेतला. एक नजर तोंडात टाकायला मिळाली तेवढीच.

"मागचा दात कुजलाय. हिरडीत पू हाय. म्हणून खाईना झालाय तो," त्या म्हणाल्या. "दात काढायलाच पाहिजे. पण आज नाही. ह्याचं काळीज बघा कसं पळतंय. म्हातारा हाय, एवढा घाबरलेला असताना भूल दिली तर मला भरवसा नाही. दोन आठवड्यांचं औषध देते, दुखणं कमी होईल. तेवढ्यात त्याला शांत करून आणा. मी दात काढते."

"आणि नाही झाला शांत तर?"

त्यांनी फिरवून सांगितलं नाही. "तर खाणं हळूहळू बंदच होईल, अज्जी."

त्यांनी दवाखान्यातली एक पेटी उसनी दिली. बोका पेटीतून घरी गेला आणि मी सरकारी दवाखान्यात, हात पुढं करून इंजेक्शनच्या रांगेत.

आता या बोक्याविषयी चार शब्द सांगायला हवेत, नाहीतर तुम्हाला वाटेल की म्हातारीनं कुठलंतरी रस्त्यावरचं भांडकुदळ जनावर घरात घेतलंय. तो आमच्या शेडात जन्मला. कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, रिकाम्या झाल्या की एका खोक्यात टाकतात, त्या खोक्यात. डोक्यावर माग चालू, धोटा आडवं सूत घेऊन या टोकाचा त्या टोकाला धाडधाड जातोय, आणि खाली हे काळं-पांढरं बोटभर पिल्लू आईला चिकटून गाढ झोपलेलं. आई पुढं निघून गेली, हा राहिला. मोठा झाल्यावर तो दूधवाल्याला चावला, मीटर बघायला आलेल्याला चावला, आमच्या धाकट्या दिरांना तर त्यानं लग्नाच्या पत्रिकेसकट ओरबाडलं. पण विणकराच्या घरातला बोका कसा असावा हे त्याच्याकडं बघून शिकावं. इतक्या वर्षांत त्यानं मागावरच्या सुताला एकदाही नख लावलेलं नाही. भरजरी पदर पसरलेला असला तर त्याला वळसा घालून जातो. एवढं भान तर आमच्या घरातल्या काही माणसांना नाही.

तो माणसांना चावतो ते रागानं नव्हे, हे मला फार आधीपासून माहीत होतं. आधी त्याचे कान मागं जातात, मग शेपटी अंगाला चिकटते, मग डोळे. चावणं सगळ्यात शेवटी. लोकांना फक्त चावणं दिसतं.

आणि हे सगळं माहीत असलेल्या बाईनं त्याला खोळीत घातला. असो.

पेटी आली तशी मी ती स्वयंपाकघरात ठेवली. दार उघडं, आत माझी जुनी साडी घडी करून. बोका तिच्याकडं बघून भिंतीच्या कडेकडेनं जायचा. आत सुकट ठेवली. ही सुकट म्हणजे आमच्या घरातली चोरटी गोष्ट. सासूबाई गळ्यात माळ घालायच्या, तेव्हापासून आमच्या चुलीवर मासळी चढलेली नाही. पण बोका काही माळकरी नव्हे. त्याच्यासाठी मी शेडात एका डब्यात सुकट ठेवते आणि डब्यावर 'सोडा' असं लिहून ठेवलंय. मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, वास येतो. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. संसार असाच चालतो.

सुकटीसाठीही तो आत गेला नाही. मान आत घालायचा, मागचे पाय दारातच, पळायच्या तयारीत. मी घरात सगळ्यांना दम दिला. टीव्ही बंद. भांडी आपटायची नाहीत. शिट्टी व्हायच्या आधी कुकर उतरवायचा. सून दोन दिवस अर्धा कच्चा भात जेवली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्ती, पेटी शेडात ठेवून बघूया काय? तो झोपतो तर तिथंच."

"तिथं? त्या गोंगाटात? अगं, भितोय तो."

"तुम्ही भीत होता. तो न्हाय."

निपाणीची पोरगी. बोलते कमी, पण बोलली की लागतं. आणि हे तिनं उगीच म्हटलं नव्हतं. त्यामागं जी गोष्ट आहे ती या घरात माझ्या लग्नापासून दरवर्षी कुणीतरी सांगतं. या वेळी मीच सांगते.

मी वाढले कणकुंबीला. वडील जंगलखात्यात होते. घराच्या मागच्या दाराला झाडी लागलेली. तिथं पान गळलं तरी ऐकू यायचं, आणि कोण चालत येतंय ते पावलांवरून सांगता यायचं. तिथून उचलून मला आणली ती थेट वडगावात, मागांच्या मधोमध. पहिल्या दिवशी मला वाटलं, जवळपास रेल्वे असेल, जाईल पुढं. ती रेल्वे काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी शेडात पडलेला सुताचा चोळामोळा उचलला, त्याचे दोन बोळे केले आणि कानात घातले. वर डोक्यावरून पदर. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

सासूबाई हाक मारायच्या, मी भाकरी थापत राहायची. त्या परत हाक मारायच्या, मी आपली भाकरीकडं बघून हसायची, कारण भाकरी छान फुगलेली असायची. आठवड्याभरात सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितलं, सासऱ्यांनी मध्यस्थांना सांगितलं, आणि एका सकाळी माझे वडील कणकुंबीची बस पकडून दारात हजर. तोंड उतरलेलं. बहिरी पोरगी गळ्यात मारली म्हणून त्यांच्यावर ठपका आला होता. सगळे पुरुष ओसरीत बसलेले. मला बोलावलं. मी अर्थातच आले नाही, कारण मला ऐकूच आलं नव्हतं. शेवटी वडील आत आले, त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि कानातला बोळा दोन बोटांनी उपसून काढला. त्यात जरीचा एक धागाही होता. ओसरीत तो सगळ्यांच्या हातातून फिरला.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जरीचा धागा कशाला वाया घालवूलीस? साधं सूत घालायचं हुतंस की."

तर अशी मी. पुढं सवय झाली म्हणा, तरी शांतता म्हणजे सुख हे डोक्यातून गेलं नाही. जगातल्या प्रत्येक जिवाला कणकुंबीसारखंच हवं असणार, असं मी धरून चालले होते. बोक्यालाही.

पेटी शेडात नेली. कांड्यांच्या खोक्याशेजारी, बोका दुपारी जिथं पसरतो तिथं. आतली माझी साडी काढली आणि मागावरून उतरलेल्या, खळीचा वास असलेल्या कापडाचा तुकडा घातला. त्या पेटीचं झाकण वरून निघायचं, ते काढून ठेवलं. दुपारी सगळे माग धडधडत होते. बोका आला, पेटीला एक फेरी मारली, आत उतरला, दोनदा गोल फिरला आणि बसला. जसा काही सगळा जन्म तिथंच गेलाय.

मी दारात उभी राहून बघत होते. मालकांना खूण केली. ते धोटा थांबवायला गेले, मी हातानं नको नको केलं. रोज थोडं करून मी पेटीवर आधी अर्धं झाकण ठेवलं, मग पूर्ण. मग झाकण लावून पेटी उचलली आणि शेडातल्या शेडात फिरवली. आत तो सुकट खायचा, तीही एकाच बाजूच्या दातांनी. दुसरी बाजू तो वापरत नव्हता. औषधानं दुखणं थोडं हटलं होतं, एवढंच.

आणि मग एका दुपारी लाईट गेली.

लाईट गेली की सगळे माग एकाच क्षणी थांबतात. आमचे, शेजारचे, समोरच्या गल्लीतले. बोका पेटीत झोपला होता. खडखड थांबली आणि तो आतून असा उसळला की झाकणासकट पेटी उलटली. कान मागं, शेपटी पोटाखाली, आणि थेट वरच्या फळीवर. लाईट आली. माग परत सुरू झाले. तो फळीवरच थोडा वेळ बसला, मग अंग चाटलं, मग खाली आला.

मी तिथंच सुताच्या पोत्यावर बसले आणि मला माझंच हसू यायला लागलं. मालक म्हणाले, "काय झालं?"

"अहो, माग थांबला की तुम्ही काय करता?"

"उठतो. बघतो काय तुटलं."

"आणि आरडाओरडा करता."

"मग काय आरती करू?"

तेच तर. आमच्या घरात माग थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं. सूत तुटलं, धोटा अडकला, लाईट गेली, कुणीतरी चुकलं. माणसं पळायला लागतात, आवाज चढतात, कुणाचातरी पाय मांजराच्या शेपटीवर पडतो. जन्मल्यापासून त्या बोक्यानं हेच पाहिलं. खडखड म्हणजे सगळं ठीक, शांतता म्हणजे संकट. आणि मी शहाणी, अख्खी गल्ली मुकी असताना त्याला उचलून, जिथं मागच नाहीत अशा दवाखान्यात घेऊन गेले होते. आणि वर दोन दिवस कुकरची शिट्टीसुद्धा होऊ दिली नव्हती.

फोनवर आवाज कसा भरून घ्यायचा ते मला नातीनं धारवाडला होस्टेलला जायच्या आधी शिकवलं होतं. मी मालकांना म्हटलं, मला मागाचा आवाज भरून घ्यायचाय. ते आत गेले, तोंड धुऊन, केस विंचरून, धुतलेला सदरा घालून आले आणि मागाशेजारी ताठ उभे राहिले.

"फोटो न्हाय हो. आवाज."

"असू दे. उभा राहतो."

मी फोन धरून बसले. माग चालला. खडखडाट छान येत होता. मध्येच मालकांना खोकला आला. तो त्यांचा रोजचा खोकला, तीनदा खाकरून शेवटी घसा साफ करण्याचा. मग त्यांनी शेजारच्या मागावरच्या कामगाराला सांगितलं, "त्याची कांडी संपत आली बघ." मग मला म्हणाले, "झालं काय?" मी हातानं गप्प बसायला सांगितलं, तर ते मोठ्यानं म्हणाले, "गप्पच हाय की मी."

म्हटलं, परत भरूया. सून म्हणाली, "राहू दे आत्ती. रोज हेच तर ऐकतो तो."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी परीक्षा घेतली. गल्ली शांत. बोका सकाळपासून माळ्यावर, कान मागं. मी पेटी ओसरीत ठेवली, तिच्याशेजारी फोन ठेवला आणि आवाज लावला. आधी काही नाही. मग माळ्यावर अंधारात दोन डोळे दिसले. मग फोनमधून मालक खोकले. बोका पायरी पायरीनं खाली आला, पेटीत शिरला आणि पाय पोटाखाली घेऊन बसला.

मालक तिथंच पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, "मी हितं जित्ता खोकतोय, तवा येत न्हाय. आणि फोनमधल्या खोकल्यावर येतोय व्हय?"

मी झाकण लावलं. आतून एक गुरगुर नाही. त्या दिवशी मी गल्लीतून जी चालत गेले ती अशी, की जणू मीच दात काढून आले होते.

ठरल्या दिवशी या वेळी स्कूटर नाही, रिक्षा. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं समजावलं होतं: आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही, भीती कमी करायची पूड कशी आणि कधी द्यायची, पेटीवर कापड टाकायचं, आणि आल्यावर कुत्र्यांच्या खोलीत बसायचं नाही, बाहेर रिक्षातच थांबायचं, त्या बोलावतील. मी पेटी मांडीवर घेतली, तिच्यावर खळीचं कापड पसरलं आणि फोन कापडाखाली ठेवून आवाज लावला.

थोडं पुढं गेल्यावर रिक्षावाला आरशात बघायला लागला. त्यानं रिक्षा कडेला घेतली, उतरून मागची चाकं बघितली, परत बसला.

"काय झालं रं?"

"कायतरी वाजूलंय खाली. खड खड खड."

"ते वाजू दे. माग हाय तो."

त्यानं परत आरशात पाहिलं. "आज्जी, मांडीवर माग घेऊन चाललाय व्हय?"

"माग हाय, मालक बी हाईत. खोकतील आता."

आणि मालक खोकले. त्यानंतर त्यानं पोचेपर्यंत सगळे खड्डे चुकवून नेलं.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, मागच्या दारानं आम्हाला आत घेतलं. कुत्री पुढच्या खोलीत भुंकत होती, ती ऐकू येत होती, पण मागाच्या आवाजाखाली. त्यांनी विचारलं, "हे काय लावलंय?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पेटीकडं वाकून थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद करू नका."

या वेळी त्याला पेटीतून बाहेर ओढलाच नाही. फक्त झाकण काढलं. तो आत दबून बसला होता, डोळे मोठे, पण तोंड बंद, धाप नाही. टॉवेल टाकायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "मी घालू काय?" साडीची घडी घालण्यात माझा हात धरणारं वडगावात कुणी नाही, हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. एक बाजू त्याच्या पाठीवरून, दुसरी छातीखालून, चारही पाय आत, कडा दाबून. दुकानात पाठवायच्या साडीसारखा चापून बसवला. फक्त मागची एक तंगडी त्यांना हवी तेवढी बाहेर. त्यानं गुरगुर केली. टॉवेलचा कोपरा तोंडात धरला आणि चावत राहिला. पण माझ्या हाताला दात लावला नाही.

रक्त घेतलं. काळीज तपासलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "चालतंय. आज काढूया."

भूल द्यायला त्याला आतल्या खोलीत नेलं. फोनही त्याच्याबरोबर गेला. मी आणि सून बाहेर बाकावर बसलो. ती शाळेत शिकवते, त्या दिवशी रजा टाकून आली होती. तिच्या हातात पेपरचा गठ्ठा होता, पण ती एकच पेपर तपासत होती. आतून दाराच्या फटीतून खडखड येत होती. मग कुणीतरी ती थांबवली. भूल चढली असणार. एकदम सगळं शांत झालं. माग थांबला की आमच्याकडं जे होतं तेच. मी उभी राहिले.

सून म्हणाली, "बसा आत्ती. काही तुटलं न्हाय."

"माहीत हाय मला," मी म्हटलं, आणि उभीच राहिले.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात एका छोट्या बशीत दात होता. दोन मुळांचा, काळा, बोटाच्या पेराहूनही लहान. एवढ्याशानं आमचं घर दोन आठवडे नाचवलं होतं. "शेजारचा एक पण हलत होता, तो पण काढला," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर येतोय. तुमचा तो आवाज परत लावलाय मी, डोळे उघडले की ओळखीचं असू दे." मी आत गेले. बोका झिंगलेल्या माणसासारखा मान डोलवत होता आणि फोनमध्ये मालक सांगत होते, गप्पच हाय की मी.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्यानं कुणाकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी भाताच्या पेजेत सुकटीची पूड कालवून ठेवली, ती थोडी चाटली. आणि मग एका सकाळी मी शेडात गेले तर 'सोडा' लिहिलेला डबा खाली पडलेला, झाकण उघडलेलं, आणि बोका दोन्ही बाजूंच्या दातांनी सुकट खातोय. म्हणजे जेवढे उरले होते तेवढ्या दातांनी. मागावर बसलेल्या मालकांनी ते पाहिलं होतं. डबा त्यांनीच काढून दिला होता की काय, हे मी विचारलं नाही. डब्याचं झाकण घट्ट आहे आणि बोक्याला बोटं नाहीत, एवढंच म्हणते.

ते म्हणाले, "लग्न झाल्यापास्नं ह्या आवाजाला नावं ठेवत आलीस. आता फोनमधी घालून गावभर हिंडूलीस."

"माझ्या बोक्यासाठी. तुमच्यासाठी न्हाय."

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि खोकले.

त्यानंतर आम्ही बोक्याला तपासायला दोनदा नेऊन आलो. दोन्ही वेळा माग चालू असलेल्या दिवशी, शेडातूनच पेटीत घालून, तोच रिक्षावाला ठरवून. कोपऱ्यावरची आक्का आता विचारते, "जामीन मिळाला काय त्याला?" मी सांगते, चांगल्या वागणुकीवर सोडलाय. तो अजून दूधवाल्याला चावतो. वर्तणूक सुधारली असं मी म्हणणार नाही. पण वडगावात एवढ्या वयाचा, एवढ्या रागाचा आणि डॉक्टरांच्या टेबलावर एवढा गप बसणारा बोका दुसरा असेल तर आणून दाखवावा. आणि त्याला गप बसवणारी बाईही.

परवा दुपारी मी ओसरीत बसले होते, तेव्हा फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. मला वाटलं, रक्ताच्या तपासात काहीतरी निघालं. पण त्यांच्या मागं काहीतरी फिसकारल्याचा आवाज येत होता, आणि त्या हळू आवाजात बोलत होत्या, खाली वाकून बोलल्यासारख्या.

"अज्जी, तुमच्या मागाचा आवाज मला पाठवा की जरा. सदलग्याहून एक मांजर आलंय, टेबलाखालनं बाहेरच येईना. ह्यांच्या घरी पण माग हायत म्हणे. आणि अज्जांचा खोकला काढू नका हां, तसाच राहू दे."